सगळं निघालं न्हवं?

भुलीतून जागी होणारी बाई पहिला प्रश्न हाच विचारते. कुणी डोळे पुरते उघडायच्या आत विचारते, कुणी रात्रीच्या राऊंडला, नवरा पाणी आणायला बाहेर गेलेला बघून. "मॅडम, सगळं निघालं न्हवं?"

कोल्हापुरात स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करत मला सव्वीस वर्षं झाली. या प्रश्नाला पहिली कित्येक वर्षं मी "हो, निघालं" असं उत्तर देत होते. आता देत नाही. "दिसलं आणि हाताला लागलं ते सगळं निघालंय. बाकीचं रिपोर्ट सांगेल," असं सांगते. पहिल्या उत्तरापासून दुसऱ्या उत्तरापर्यंत येताना जे शिकले, ते इथे लिहिते आहे.

१. तो फोन सर्जननं स्वतः करायचा

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. शिरोळ तालुक्यातली एक बाई, पंचेचाळिशीची. गाठ दोन सेंटिमीटरची. स्तन राखून गाठ काढली, टाके सुरेख बसले, तिसऱ्या दिवशी ती घरी गेली. दहाव्या दिवशी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: मार्जिन पॉझिटिव्ह. म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोचलेल्या होत्या, आणि कडेपर्यंत पोचल्या असतील तर पलीकडे, तिच्या अंगात, राहिलेल्याही असू शकतात. पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया.

हे सांगायचं काम मी ज्युनिअरवर सोपवलं. ती दोन एस्ट्या बदलून आली. ऊसतोडीचे दिवस होते, घरचं माणूस मोकळं नव्हतं, म्हणून धाकट्या जावेला घेऊन आली. माझ्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "पैल्यांदा नीट बघितलं न्हाई व्हय?"

तिला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच विचारत होती. आणि खरं उत्तर असं होतं, की मी नीट बघितलं होतं, पण बघायला माझ्याकडे डोळे आणि बोटं यापलीकडे काही नव्हतं.

जगभरात स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये साधारण पाचातल्या एकीला असं दुसऱ्यांदा टेबलावर यावं लागत आलं आहे. चांगल्या केंद्रांत हे प्रमाण कमी असतं. पण ज्या एकीला यावं लागतं तिचा केमोथेरपीचा, रेडिएशनचा मुहूर्त पुढे जातो, स्तनाचा आकार आणखी जातो, आणि डॉक्टरवरच्या विश्वासाला तडा जातो तो वेगळाच. त्या दिवसापासून हा फोन मी स्वतः करते. फोन करायची वेळच येऊ नये म्हणून काय करता येईल, हेही त्या दिवसापासूनच शोधायला लागले.

२. हाताला मान द्या, पण हातावर विसंबू नका

हात कमी लेखायची गोष्ट नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं १९९८ मध्ये सुरू केलेला अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. सुमारे दीड लाख बायका, आणि त्यांतल्या निम्म्यांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेली नुसती हातानं तपासणी. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. ना मॅमोग्राफी, ना दुसरं कुठलं यंत्र.

पण गाठ सापडणं वेगळं आणि तिची हद्द सापडणं वेगळं. बोटांना कठीण आणि मऊ यांतला फरक कळतो. कर्करोग सगळीकडे कठीण नसतो. लोब्युलर जातीच्या कर्करोगात पेशी मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागून एक चरबीत शिरतात, तिथे बोटाला काहीच अडत नाही. नलिकांच्या आतच असलेला, अजून भिंत न फोडलेला कर्करोग, ज्याला आम्ही डीसीआयएस म्हणतो, तो तर बहुतेक वेळा फक्त मॅमोग्राफीत दिसतो. सांडलेल्या रांगोळीसारखे चुन्याचे बारीक ठिपके, तेवढंच.

पूर्वी हा प्रश्न एवढा टोकदार नव्हता, कारण सगळंच काढत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या हॉल्स्टेडनी स्तन, खालचे स्नायू आणि काख असं एकत्र काढायची पद्धत रूढ केली आणि पाऊणशे वर्षं जग तीच करत राहिलं. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी बायकांचे गट पाडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून, दोन्ही पद्धतींची तुलना केली. वीस वर्षांनंतरचे दोघांचे निष्कर्ष २००२ मध्ये एकाच वेळी छापून आले: जगण्याच्या बाबतीत फरक नाही. तेव्हापासून स्तन राखता येतो. आणि राखायचा म्हटलं की कुठवर कापायचं, हा प्रश्न आलाच.

३. छोटा वर, लांब बाहेर

आमच्याकडे शिकायला येणारी मुलं हे पाठच करतात. गाठीचा तुकडा शरीरातून सुटण्याआधी त्याला रेशमी धाग्याचे दोन टाके घालायचे. छोटा धागा वरच्या बाजूला, लांब धागा बाहेरच्या, म्हणजे काखेकडच्या बाजूला. दोन बाजू कळल्या की बाकीच्या चार आपोआप कळतात.

हे न करण्याची किंमत मी एकदा एका बाईच्या अंगावर बघितली आहे. गडबडीची ओटी होती, पुढची केस भुलीच्या खोलीत येऊन बसलेली. तुकडा बाहेर आला, धागे घालायच्या आधीच कुणीतरी तो फॉर्मलिनच्या बरणीत टाकला. मी बघितलं आणि सोडून दिलं. रिपोर्टमध्ये लिहून आलं, "एका कडेला कर्करोग आहे, दिशा सांगता येत नाही." एक भिंत खरवडायची तिथे मला सगळ्या भिंती खरवडाव्या लागल्या. तिच्या स्तनाला पडलेला खळगा मला आजही तपासणीच्या वेळी दिसतो, दर सहा महिन्यांनी. दोष माझा होता. बरणीत कुणी टाकलं याला अर्थ नाही, ओटी माझी होती.

तुकडा पॅथॉलॉजीत गेल्यावर काय होतं ते प्रत्येक सर्जननं एकदा तरी उभं राहून बघावं. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम टिपकागदानं तुकडा हलक्या हातानं कोरडा करतात आणि सहा बाजूंना सहा रंगांची शाई लावतात: निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, तांबडा, काळा. शाई ओघळून दुसऱ्या बाजूवर गेली तर खोटं उत्तर मिळेल, म्हणून वरून ॲसेटिक ॲसिडचा हात फिरवतात. त्या खोलीत तेव्हा लोणच्या-सिरक्यासारखा वास भरतो. मग तुकडा कापला की सूक्ष्मदर्शकात बघायचं ते एवढंच, की कर्करोगाची पेशी शाईला टेकली आहे का. अमेरिकेतल्या कर्करोग सर्जन आणि रेडिएशनतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये एकत्र येऊन ठरवलं, की पसरणाऱ्या कर्करोगात शाईला पेशी टेकलेली नसली की पुरे, त्याहून रुंद कड मागायची गरज नाही. डीसीआयएससाठी २०१६ मध्ये दोन मिलिमीटर ठरलं. त्याआधी कुणी पाच मिलिमीटर मागत असे, कुणी दहा, आणि विनाकारण दुसऱ्यांदा कापल्या गेलेल्या बायका कितीतरी.

एक गोष्ट मात्र शाईलाही सांगता येत नाही. स्तन म्हणजे बरीचशी चरबी. अंगात असताना तिला चहूबाजूंनी आधार असतो. बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवली की परातीत ठेवलेल्या सैल कणकेसारखी ती पसरते, चपटी होते. अंगात आठ मिलिमीटर असलेली कड टेबलावर तीनच भरते. म्हणून तुकडा बाहेर आल्यावर जितक्या लवकर आणि जितका कमी दाबून बघाल, तितकं उत्तर खरं.

४. तुकड्याचा एक्स-रे, टाके घालायच्या आधी

हाताला न लागणाऱ्या ठिपक्यांसाठी सकाळी रेडिओलॉजिस्ट मॅमोग्राफीच्या यंत्रात स्तन दाबून धरून बारीक तार घालतात. तिच्या टोकाला गळासारखा आकडा असतो, तो ठिपक्यांच्या जागी अडकतो. तारेचं दुसरं टोक बाहेर राहतं. ते हलू नये म्हणून आमच्या सिस्टर त्यावर चहाचा कागदी कप उपडा ठेवून चिकटपट्टीनं बसवतात. तशा अवस्थेत एक निवृत्त शिक्षिका व्हीलचेअरवरून ओटीत आल्या होत्या. कपावरून पदर नीट घेतलेला, दोन्ही हातांनी धरलेला. मला म्हणाल्या, "हात लावू नका म्हणालेत, म्हणून वाऱ्यापासूनसुद्धा जपलंय बघा."

त्यांचा तुकडा काढला, धागे घातले, आणि वॉर्डबॉय तो घेऊन खाली मॅमोग्राफीच्या खोलीत गेला. आम्ही जखम उघडी ठेवून, ओला गॉज भरून थांबलो. दहा मिनिटांनी इंटरकॉम वाजला. रेडिओलॉजिस्ट म्हणाले, "तार आहे, ठिपके आहेत, पण सगळे आतल्या बाजूला चिकटून आहेत. सकाळच्या फिल्ममध्ये दिसणारा शेवटचा पुंजका यात नाहीच. छातीच्या हाडाकडची भिंत अजून घ्या." धागे होते म्हणून त्यांना बाजू सांगता आली. मी तेवढीच भिंत घेतली. दुसऱ्या तुकड्यात तो पुंजका होता. दहा दिवसांनी येणारं उत्तर दहा मिनिटांत आलं, आणि त्या बाईंची दुसरी भूल टळली.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन नावाच्या सर्जननं १९१३ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे एक्स-रे काढून कर्करोग त्यात कसा दिसतो ते नोंदवलं. मॅमोग्राफीचं मूळ तिथे आहे. पुढे ज्यू म्हणून नाझींनी त्याला छळछावणीत टाकलं, तो कसाबसा वाचला. त्याची मुलगी शार्लोट चित्रकार होती, ती १९४३ मध्ये आउश्वित्झमध्ये मारली गेली. माझ्या ओटीत दर आठवड्याला जे चित्र येतं त्याच्या मागे हा माणूस आहे, हे मला माझ्या विद्यार्थ्यांना सांगावंसं वाटतं, आणि मी सांगते.

एक्स-रेत काय दिसत नाही, हेही तितकंच सांगते. पेशी दिसत नाहीत. चुना न धरणारा कर्करोग दिसत नाही.

५. सोनोग्राफी ओटीत आणा

माझ्या कामात सर्वांत मोठा फरक कशानं पडला असेल तर यानं. नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताला लागणाऱ्या गाठींच्या १३४ बायका. अर्ध्यांची गाठ नेहमीसारखी बोटांनी चाचपून काढली, अर्ध्यांची टेबलावरच सोनोग्राफी बघत बघत काढली. बोटांच्या गटात १७ टक्के बायकांच्या कडेला कर्करोग राहिला, सोनोग्राफीच्या गटात ३ टक्के. शिवाय सोनोग्राफीवाल्यांनी काढलेला तुकडा लहान होता. लागणाऱ्याच गाठी होत्या त्या! म्हणजे "मला लागतेय की, यंत्र कशाला" असं म्हणणारे आम्ही सर्जन चुकत होतो.

आपल्याकडे सोनोग्राफीचं यंत्र उचललं आणि ओटीत नेलं असं करता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक यंत्राची नोंदणी असते, ते कुठे ठेवलंय आणि कोण वापरतंय याचा हिशेब द्यावा लागतो. ज्या जिल्ह्यात मुलींचं प्रमाण चिंता करावी इतकं घसरलेलं मी बघितलंय, तिथे या कागदपत्रांबद्दल माझी तक्रार नाही. आम्ही रीतसर नोंदणी केली, आणि आमच्या रेडिओलॉजिस्टना हात धुवून ओटीत उभं केलं. प्रोबला निर्जंतुक आवरण घालून ते गाठ दाखवतात, मी कापते. पडद्यावर गाठ काळसर, कडा दातेरी. माझ्या कात्रीचं टोक पांढरं चमकतं. दोन्हींत अंतर किती ते समोर दिसतं. कमी झालं की ते नुसतं "मॅडम" म्हणतात आणि मी हात बाहेर घेते.

६. गाठ विरघळण्याआधी खूण करून ठेवा

आता बऱ्याच बायकांना केमोथेरपी आधी देतात. गाठ आक्रसते, कधी पूर्ण नाहीशी होते. बाई आनंदानं सांगते, "मॅडम, हाताला लागतच न्हाई आता." तिच्या आनंदात मी मनापासून सामील होते, पण गाठ होती ती जागा तरीही काढून तपासावी लागते, आणि खूण नसेल तर ती जागा कुठली? म्हणून पहिल्या केमोच्या आधी सोनोग्राफीखाली गाठीत एक क्लिप सोडायची. त्यासाठी मिळणारे खास मार्कर महाग असतात. आम्ही रक्तवाहिनी बंद करायची साधी टायटॅनियमची क्लिप जाड सुईतून आत सोडतो. तांदळाच्या दाण्याहून लहान वस्तू आहे ती, आणि त्यावाचून पुढची सगळी महागडी यंत्रं आंधळी आहेत.

केमो सुरू करणाऱ्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती असते: आधी क्लिप, मग सलाईन.

७. निघालेलं बघणं आणि राहिलेलं बघणं

वर सांगितलेली शाई आणि एक्स-रे काढलेल्या तुकड्याकडे बघतात. बाईचा प्रश्न मात्र दुसरा असतो. बरणीत काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही, आपल्या अंगात काय राहिलं ते तिला हवंय. ही तफावत नीट कळायला मला पंधरा वर्षं लागली.

प्रकाशानं दाखवणारी तंत्रं आली तेव्हा प्रथम वाटलं, हेच ते. इंडोसायनिन ग्रीन हा रंग आम्ही काखेसाठी वापरतो. स्तनाग्राजवळ टोचायचा, मिनिटभर चोळायचं, दिवे मंद करायचे आणि कॅमेरा धरायचा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण पडद्यावर कातडीखालून एक उजळ वाट काखेकडे सरकताना दिसते आणि पहिल्या लसिकाग्रंथीपाशी थांबते. गावच्या वेशीवरची चौकी असते तशी ही ग्रंथी. कर्करोग काखेत शिरला असेल तर बहुधा आधी इथे. ती स्वच्छ असेल तर बाकीची काख वाचते आणि हात सुजण्याचं दुखणंही बरंचसं टळतं. पहिल्यांदा ती वाट पडद्यावर सरकली तेव्हा आमच्या सिस्टर नकळत "आई गं" म्हणाल्या होत्या. पण हा रंग कर्करोगाला ओळखत नाही. तो फक्त रस्ता दाखवतो.

कर्करोगालाच ओळखणारा पदार्थ आला तो अलीकडे. पेगुलिसियानिन त्याचं नाव. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं लुमिसेल कंपनीच्या उपकरणासह त्याला मान्यता दिली. शस्त्रक्रियेच्या दोन ते सहा तास आधी तो शिरेतून देतात. अंगात जातो तेव्हा तो विझलेलाच असतो. गाठीत आणि तिच्या भोवताली कॅथेप्सिनसारखे एन्झाइम जास्त असतात, ते त्याला तोडतात, आणि तुटला की तो प्रकाश देऊ लागतो. गाठ काढून झाल्यावर सर्जन हातात धरायचा प्रोब उघड्या पोकळीत घालतात आणि भिंतीवर भिंत बघत जातात. संशयाची जागा पडद्यावर उमटते, तेवढीच आणखी काढायची. इथे राहिलेल्याकडे बघितलं जातं.

मी हे अजून वापरलेलं नाही, म्हणून छापून आलेल्या आकड्यांवरच बोलते. बोस्टनच्या डॉ. बार्बरा स्मिथ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ३५७ बायकांपैकी २७ जणींमध्ये, नेहमीची शस्त्रक्रिया पूर्ण झाल्यानंतरही, राहिलेला कर्करोग या प्रकाशामुळे सापडला. आणि त्यांत २२ बाजू अशा होत्या, जिथे नेहमीच्या तपासणीनं कड स्वच्छ ठरवली होती. हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुकड्याची कड स्वच्छ, तरी भिंतीत कर्करोग.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. जिथे कर्करोग खरोखर होता अशा जागांपैकी जवळजवळ निम्म्याच या प्रकाशानं दाखवल्या. नसलेल्या ठिकाणीही तो कधी कधी उजळला, म्हणजे चांगला भाग कापला गेला. काही थोड्या बायकांना औषधाची तीव्र ॲलर्जी आली, म्हणून त्यावर ठळक इशारा छापलेला असतो. अंधार दिसला म्हणजे कर्करोग नाही, असं समजून टाके घालणारा सर्जन चुकेल. मला हे तंत्र हवं आहे, आपल्याकडे यावं असं वाटतं, परवडेल अशा किमतीत यावं असं तर फारच वाटतं. पण ते येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही, ते पुढच्या मुद्द्यामुळे.

८. पापुद्रा

गाठ काढून झाली की पोकळीच्या प्रत्येक भिंतीचा एक पातळ पापुद्रा वेगळा काढायचा, त्याला वेगळं नाव द्यायचं, वेगळ्या बरणीत पाठवायचं. याला शेव मार्जिन म्हणतात. यंत्र नाही, रंग नाही, दहा मिनिटांचं काम.

येल विद्यापीठाच्या डॉ. अनीस चगपार यांनी हे २३५ बायकांवर तपासलं. सर्जननी नेहमीची शस्त्रक्रिया पूर्ण करायची, आणि मगच पापुद्रे काढायचे की नाही हे चिठ्ठीनं ठरायचं. आधी ठरलं असतं तर सर्जनचा हात नकळत बदलला असता. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: न काढलेल्या गटात ३४ टक्के कडा पॉझिटिव्ह, काढलेल्या गटात १९. दुसरी शस्त्रक्रिया २१ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर. खर्च काय, तर पॅथॉलॉजीच्या जास्तीच्या काही बरण्या आणि एका माणसाचे श्रम.

मी २०१६ पासून प्रत्येक केसमध्ये हे करते. भिंतीकडेही बघितलं जातं, आणि तालुक्याच्या कुठल्याही धड ओटीत करता येतं. आपल्याकडच्या सर्जननी एकच गोष्ट बदलायची ठरवली, तर ही बदलावी असं मी प्रत्येक बैठकीत सांगत आले आहे.

९. फ्रोझनची वीस मिनिटं गप्प बसून काढा

फ्रोझन म्हणजे बाई टेबलावर असतानाच तुकडा गोठवून, त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकात बघणं. पण चरबी नीट गोठत नाही. उणे वीस अंशाला बाकीचा भाग दगडासारखा होतो आणि चरबी ओल्या साबणासारखी पात्यावरून घसरते. पॅथॉलॉजिस्ट आतून सांगतात, "चरबी आहे, अजून दहा मिनिटं द्या." भूलतज्ज्ञ घड्याळ बघतात. अशा वेळी "झालं का?" म्हणून एक फोन मी पूर्वी करत असे. एकदा आमच्या मॅडमनी नंतर मला बसवून सांगितलं, "तुमचा फोन आला की माझा हात घाई करतो, आणि घाईत मी 'नाही' म्हणायला शिकलेली नाही, 'असेल' म्हणते. मग तुम्ही जास्त कापता." तेव्हापासून फोन नाही. कधी कधी त्या तुकड्याची कड काचेवर नुसती टेकवतात, ठसा उमटतो, रंगवून बघतात. साधी, स्वस्त पद्धत. चांगले डोळे असतील तर फार उपयोगाची.

१०. रेडिएशन किती लांब आहे, ते आधी विचारा

एवढं सगळं करूनही सूक्ष्म पेशी राहतात, हे गृहीत धरूनच स्तन राखतात. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९ टक्के बायकांच्या त्याच स्तनात वीस वर्षांत कर्करोग परतला, रेडिएशन घेतलेल्यांत १४ टक्के. पोकळीत आम्ही क्लिपा ठेवतो त्या रेडिएशनच्या डॉक्टरांना जागा दिसावी म्हणून.

कोकणच्या बाजूची एक बाई. गाठ लहान, स्तन राखण्यासारखा. मी चित्र काढून समजावलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तीन आठवडे हितं ऱ्हायचं तर म्हशी कुणी बघायच्या?" पूर्वी पाच आठवडे सांगावे लागत, आता बहुतेक ठिकाणी तीन, तरी तिच्यासाठी तीनही जास्तच होते. समाजसेविकेनं धर्मशाळेत सोय केली, तरी तिचं ठरलेलं होतं: "सगळंच काढा." मी काढला. तिचा निर्णय होता, आणि तिच्या घराचं गणित मला तिच्याहून जास्त कळत नाही. राहण्याची सोय, प्रवासखर्च, घरी माणूस, हे विचारायच्या आधी यंत्रांबद्दल बोलायचं नाही, एवढं मी तिच्याकडून घेतलं.

११. आधीच सांगा

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, कागदावर सही घेताना: "दुसऱ्यांदा यावं लागू शकतं. तसं झालं तर कुणाची चूक झाली असं नाही. ते होऊ नये म्हणून आम्ही काय काय करणार ते ऐका." मुलगा, नवरा, सासू, जे कुणी असेल त्यांच्यासमोर, पण बघायचं तिच्याकडे.

परवा अशाच एका बाईंचा रिपोर्ट आला. मूळ तुकड्याची वरची कड पॉझिटिव्ह, शाईला टेकलेली. पान उलटलं. वरच्या भिंतीच्या पापुद्र्यात दोन मिलिमीटरचा कर्करोग, आणि पापुद्र्याची बाहेरची कड स्वच्छ. म्हणजे राहिलेलं होतं, आणि त्याच दिवशी निघूनही गेलं होतं. मी फोन लावला.

"ताई, रिपोर्ट आला. राहिलं होतं ते त्याच दिवशी निघालंय. पुन्हा शस्त्रक्रिया नाही. सोमवारी टाके बघायला या."

थोडा वेळ पलीकडून फक्त कोंबड्यांचा आवाज येत होता.

"सोमवारी आमच्याकडं बाजार असतोय मॅडम. मंगळवारी आलो तर चालंल काय?"

"चालेल. या."